जादा वीस मिनिटं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. आज लिहितोय ते मात्र रागाने. रागाने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचून बघावं म्हणतात, तसं वाचूनही बघितलं. राग तसाच आहे, म्हणून टाकतोय.

झालं असं, की दिवाळीत ताईकडे गेलो होतो. ताईचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाला. तालुका मुद्दाम सांगत नाही. एकेका तालुक्यात कॉलेजं ती किती असणार, लगेच बोट ठेवता येईल, आणि मला कुठल्या एका कॉलेजशी भांडायचं नाहीये. हलक्या धानाची कापणी आटोपली होती, अंगणात पाहुणे बसले होते, चिवड्याच्या बशा फिरत होत्या. भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळी परीक्षेत तिचा केमिस्ट्रीचा पेपर राहिला, तो विषय निघाला. तेव्हा एक जण म्हणाले (नात्याने आमचे काका लागतात, हा ब्लॉगही वाचतात, काका, राग मानू नका, पण लिहिणार आहे), "हिले तं पेपरात जास्तीचा टाइम भेटते ना? मंग विषय कसा राहिला?"

कोणी वाईट बोललं नाही. दोघं-तिघं हसले, भाचीही हसली आणि बशा उचलून आत गेली. रात्री ओसरीवर बसलो होतो तेव्हा म्हणाली, "मामा, तासाले वीस मिनिटं जास्त देतेत, खरं हाये. पन जे वर्गात माझ्या कानावर आलंच नाही, ते मी त्या वीस मिनिटांत कुठून आनू?"

तिच्या त्या प्रश्नासाठी आजची सगळी पोस्ट आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भाचीला सिकलसेल आहे. वाहक नाही, आजार आहे. हे वाक्य वाचणाऱ्या निम्म्या नातेवाईकांना आज, इथेच कळतंय. ताईचा लिहायला विरोध होता आणि कारण सगळ्यांना माहीत आहे : मुलीचं लग्न. आमच्याकडे पूर्व विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे आणि बोलण्यात मात्र कुठेच नाही. "जरा अशक्त आहे", "रक्त कमी आहे", एवढंच. भाचीला विचारलं तर म्हणाली, "लिही. ज्याले नोको असन तो पाहाले येनार नाही, माझ्या हातचे पोहे वाचतील." :-) तर तिच्या परवानगीने लिहितोय, नाव तेवढं गाळून.

सिकलसेल म्हणजे काय ते आमच्या बाजूच्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईचे वाचक आहेत म्हणून थोडक्यात. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा सुरू होतात. हाडांत, पाठीत, छातीत. थंडीने, ताप आल्याने, पाणी कमी पडल्याने, जास्त दगदग झाल्याने हे होऊ शकतं, आणि कधी काहीच कारण सापडत नाही. दोन दिवस राहतं, कधी दहा दिवस. मग माणूस उठतो, कपडे करतो, कॉलेजला जातो, आणि बघणाऱ्याला काही दिसत नाही. आता आपल्या परीक्षा आठवा. हिवाळी परीक्षा कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर आणि उन्हाळी परीक्षा पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असताना. या आजाराने स्वतः वेळापत्रक करायचं म्हटलं असतं तरी याहून सोयीचं जमलं नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. या आजारात मूत्रपिंडावर परिणाम होतो, लघवी दाट होत नाही, त्यामुळे सारखं पाणी प्यावं लागतं आणि सारखं जावंही लागतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असलेलं कॉलेज या मुलीसाठी बंदच असतं, दार कितीही उघडं असो. तिने पहिल्या वर्षी काय केलं असेल? पाणी पिणं कमी केलं. पुढे काय झालं असेल ते वरचा परिच्छेद वाचून तुम्हीच ओळखा.

या आजाराची नोंद वैद्यकशास्त्रात पहिल्यांदा झाली ती १९१० साली, शिकागोत. डॉ. जेम्स हेरिक यांनी लिहिलेल्या त्या निबंधातला रुग्ण कोण होता माहीत आहे? कॉलेजचा विद्यार्थी! वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. १९०४ साली आला आणि त्याच डिसेंबरात रुग्णालयात दाखल झाला. पुढची दोन-अडीच वर्षं आजारपणं चालूच होती, तरी १९०७ साली पदवी घेऊन तो परत गेला, ग्रेनाडात दवाखाना चालवला आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला. डॉक्टरांचा विषय रक्त हा होता, त्याचे बुडालेले तास कोणी भरून काढले हे लिहिण्याचं त्यांना कारण नव्हतं. पण मला ही गोष्ट कळल्यापासून तोच प्रश्न डोक्यात आहे. कोणीतरी वही दिली असेल, कोणीतरी रात्री बसून समजावलं असेल, त्याशिवाय परक्या मुलखात एकटा मुलगा पास होत नाही.

आपल्याकडे १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे, हे माहीत होऊन साठ वर्षांहून जास्त झाली. कायद्याने त्याला दिव्यांगत्व मानायला मात्र २०१६ साल उजाडलं. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठरलं. तपासण्या सुरू आहेत, चांगलं आहे. पण तपासणीत सापडलेल्या, आज कॉलेजात बसलेल्या मुलीचं काय, ती काही २०४७ पर्यंत दुसऱ्या वर्षाला थांबणार नाही.

आता मूळ मुद्दा.

भाचीचे गेल्या वर्षी तीन आजारपणांत मिळून एकतीस दिवस बुडाले. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतला रिअॅक्शन मेकॅनिझमचा भाग सगळा गेला. ज्याने केमिस्ट्री शिकलीय त्याला कळेल, तो भाग गेला की पुढचं सगळं पाठांतर होतं. प्रॅक्टिकलची बॅच पुढे गेली. मैत्रिणींनी व्हॉट्सअॅपवर वह्यांचे फोटो पाठवले, त्यांचे उपकार आहेतच, पण वहीत बाण काढलेला असतो, तो बाण तिकडेच का गेला हे सर तोंडाने सांगतात. फोटोत ते येत नाही.

बरी होऊन कॉलेजात गेली की पहिलं काम ऑफिसात. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आहे, प्रत्येक गैरहजेरीचा डॉक्टरी दाखला आणा. त्यासाठी भंडाऱ्याच्या दवाखान्यात एक खेप, म्हणजे आणखी एक दिवस बुडाला! काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "दिसत तर काही नाही." त्यांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी शिकवलंय? मला खटकलं ते पुढचं. केमिस्ट्रीचे सर. भला माणूस, तासिका तत्त्वावरचा, विद्यार्थ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. ही गेली आणि म्हणाली, "सर, माझे दहा लेक्चर बुडाले, केव्हा समजावून सांगता?" सर म्हणाले, "घाबरू नको बेटा. तुला सवलत आहे ना, निघून जाशील."

निघून जाशील!

त्यांनी मायेने म्हटलं, आणि तीच तर अडचण आहे. कोणी हाकलून दिलं असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळे डोक्यावरून हात फिरवतात आणि शिकवत कोणी नाही. आपल्या व्यवस्थेत दिव्यांग विद्यार्थी वर्षातून दोनदाच दिव्यांग असतो : हिवाळी परीक्षेला आणि उन्हाळी परीक्षेला. त्या दिवसांत त्याला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, तळमजल्यावर बाक मिळतो. उरलेलं वर्ष तो कोणाचाच नसतो. रिकाम्या ताटावर बसवून "तू सावकाश जेव हो, तुला वेळ जास्त दिलाय" असं म्हणावं, तसं हे चाललंय.

सवलतींच्या विरोधात लिहितोय असं कृपा करून कोणी समजू नका. त्या सवलती भांडून मिळालेल्या आहेत. तासाला किमान वीस मिनिटं जादा, हे केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आलं. विकास कुमार या यूपीएससी देणाऱ्या डॉक्टरला लिहिताना हात आखडण्याचा आजार होता, टक्केवारी चाळीस नाही म्हणून लेखनिक नाकारला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची गरज टक्केवारीने ठरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात नीट देणाऱ्या एका मुलीचं प्रकरण आलं, तिला परीक्षा केंद्रावर जादा तास नाकारला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या आपल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा निकाल आला : बोलण्यात दोष चाळीस टक्क्यांहून जास्त आहे एवढ्यावरून एमबीबीएसला नाही म्हणता येणार नाही, तो अभ्यासक्रम करू शकेल का ते बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा एकदा लेखनिक आणि जादा वेळ.

यादी नीट बघा. प्रवेशाचं दार आणि परीक्षेचा हॉल. दाराच्या आणि हॉलच्या मधे तीन-चार वर्षांचं कॉलेज असतं, त्याबद्दल कोणी कोर्टात जात नाही. कारण सोपं आहे. परीक्षेला हॉल तिकीट असतं, वेळ घड्याळावर मोजता येते, नाकारलं तर पुरावा असतो. "मला शिकवलं नाही" याचा पुरावा कुठून आणणार? तो गुणपत्रिकेवर असतो, आणि तिथे तो विद्यार्थ्याच्या नावावर लिहिलेला असतो.

कायद्यात हे नाही असंही नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ मी बसून वाचलं (बँकेतला माणूस आहे, कलमं वाचायची खोड आहे). सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, लागेल तर एकेकट्या विद्यार्थ्यापुरता आधार द्यावा, आणि तो शिकतोय का, शिक्षण पूर्ण करतोय का यावर लक्ष ठेवावं, असं त्यात आहे. परीक्षेपुरतं नव्हे, शिक्षणापुरतं. पण पुढच्या कलम १७ मध्ये पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि साधनं मोफत द्यायची ती कुठपर्यंत? वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. म्हणजे कॉलेजची पायरी चढली की मोफत पुस्तकांचा हिशेब बंद. उच्च शिक्षणाला काय, तर कलम ३२ : पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट. जागा दिली, बस. बसल्यावर काय करायचं ते तुझं तू बघ.

आणि कॉलेजं काय करतात? रॅम्प बांधतात. नॅकची समिती यायची असली की दिव्यांगस्नेही परिसर असा एक मुद्दा भरावा लागायचा आणि त्याला पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश छापलेले फोटो लागायचे. रॅम्पचा फोटो निघतो. स्वच्छतागृहावरच्या पाटीचा निघतो. व्हीलचेअरचाही निघतो, अंगावरचं प्लास्टिक न काढता. कोणी कोणाला समजावून सांगत बसलंय याचा फोटो काढला तर त्यात दोन माणसं आणि एक फळा दिसतो, अक्षांश-रेखांश काय सांगणार त्यात? त्याच नॅकच्या अर्जात संथ गतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काय करता असाही प्रश्न असायचा. त्यात माझी भाची बसत नाही. ती संथ नाहीच. ती गैरहजर होती. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो कुठल्याच रकान्यात नाही.

(जाता जाता. आधी आम्ही अपंग म्हणायचो, मग २०१५ च्या अखेरीस दिव्यांग आलं. ३ डिसेंबर २०२२ ला राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. भाचीला विचारलं, तुला कोणता शब्द आवडतो? म्हणाली, "हजर.")

आता काका म्हणतील, मग ट्यूशन लावा ना! काका, बारावीपर्यंत लावली होती. ट्यूशनच्या जोरावरच तर ती इथवर आली. जिल्ह्याच्या ठिकाणी क्लासेसच्या पाट्या मोजल्या तर दुकानांपेक्षा जास्त भरतील, पण त्या सगळ्या दहावी, बारावी, नीट, सीईटीच्या. बीएस्सीच्या तिसऱ्या सत्राची ट्यूशन तालुक्याला कोण घेतो? जो घेतो तो दुसऱ्या मजल्यावर घेतो आणि बॅच कोणासाठी थांबत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो मुलाला नागपूरला ठेवतो. ज्याच्या घरी पाच एकर धान आणि औषधांचा खर्च आहे, त्याच्याकडे कॉलेजचा वर्ग सोडून दुसरं काही नाही. धडधाकट मुलांना वर्ग चुकला तर ट्यूशन आहे, आणि ज्याचा वर्ग हमखास चुकणार त्याला ट्यूशन नाही.

मला हे नव्याने सुचलेलं नाही. १९९१-९२ ला मी नागपूरला होस्टेलवर होतो, तेव्हा आमच्या मजल्यावर एक अंध मित्र होता. बीए करत होता. परीक्षेत त्याला लेखनिक मिळायचा, खालच्या वर्गातला कोणीतरी पोरगा, तीन तासांसाठी. पण पुस्तक वाचून कोण दाखवणार? त्याची कुठेच सोय नव्हती. आम्ही पाच जणांनी पाळ्या लावल्या. टेपरेकॉर्डर समोर ठेवून धडे वाचायचे, कॅसेटवर नंबर घालायचे, तो रात्री ऐकायचा. इतिहास वाचताना मी एकदा मोठ्ठी जांभई दिली ती कॅसेटवर राहिली. वर्षभर तो मला म्हणायचा, "तुझा पेशवाईचा शेवट फार परिणामकारक आहे." :-) तो पहिल्या वर्गात पास झाला. लोक म्हणाले, लेखनिक चांगला मिळाला. लेखनिक तीन तासांचा होता हो, वाचक वर्षभराचे होते!

तेव्हा कॅसेट होती, आता मोबाइल बोलून दाखवतो, मराठीतही. अंध मुलांसाठी ही क्रांतीच आहे. पण त्यालाही तेच कुलूप. सरांनी हाताने लिहिलेल्या नोट्सचा तिरपा फोटो पाठवला तर मोबाइल बिचारा काय वाचणार? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून अंध विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र चालतं, एक्सआरसीव्हीसी नावाचं, तिथे पुस्तकं वाचता येण्याजोगी करून देण्यापासून सगळं बघतात. जळगावला दीपस्तंभ फाउंडेशनचा मनोबल प्रकल्प आहे, दिव्यांग मुलांना तिथे राहून शिकता येतं. दोन्हींबद्दल आदर आहे. पण त्यावरून "मग तिकडे पाठवा" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भंडाऱ्याच्या मुलीने शिकायला जळगाव नाहीतर मुंबई गाठायची, तर घराजवळच्या कॉलेजला अनुदान कशाला?

अमेरिकेतला माझा मावसभाऊ सांगतो, त्याच्या मुलीच्या कॉलेजात यासाठी वेगळं ऑफिस आहे, आजारी मुलाचं पत्र एकदा तिथे दिलं की प्रत्येक प्राध्यापकाला तेच कळवतात, मुलाला दारोदार फिरावं लागत नाही. नोट्स मिळतात, मुदत वाढते. मला वाटलं शिकवणीही हक्काने मिळत असेल. तर नाही! तिथल्या कायद्यानेही वैयक्तिक शिकवणी कॉलेजवर बंधनकारक नाही. पण शिकवणीचं केंद्र सगळ्याच मुलांसाठी असतं, वरच्या वर्गातली मुलं तासावर पैसे घेऊन खालच्यांना शिकवतात, तिथे ही जाऊन बसते. तिला काही वेगळं मागावं लागत नाही.

हे आपल्याकडे होणार नाही, पैसा नाही, प्राध्यापक नाहीत, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत हे मान्य. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तासाचेच पैसे मिळतात आणि तेही वेळेवर नाहीत, तो फुकट दहा तास कुठून देणार? भाचीच्या सरांवर मी चिडलो, पण बसून विचार केला तेव्हा कळलं की त्या माणसाने "निघून जाशील" म्हटलं कारण त्याच्या हातात देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तर मग त्याला ते द्या. सत्राला विषयामागे दहा भरपाईचे तास, त्याच दराने, वेळापत्रकात छापलेले. एका कॉलेजात असे विद्यार्थी किती, पाच? दहा? सोहळ्यांचे मंडप याहून महाग पडतात. आणि आपल्याकडे कमवा आणि शिका आहे की! कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आलेली गोष्ट. त्यात मुलं आज बागेला पाणी घालतात, ग्रंथालयाची धूळ झटकतात, ऑफिसात कागद लावतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने दुसऱ्या वर्षाच्या मुलीला मेकॅनिझम समजावलं तर त्याला काम म्हणायला काय हरकत आहे? शिकवणारीचा विषयही पक्का होईल.

"लाड होतील" म्हणणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगतो, लाड आज चालू आहेत. न शिकवता पास करण्याला लाडच म्हणतात. भाची ते मागत नाहीये. तिला शिकायचं आहे, पुढे एमएस्सी करायची आहे. "सवलतीने निघालेली" म्हणून तिला कोण कामावर ठेवणार? आज गोंजारणारे उद्या मुलाखतीच्या खुर्चीत बसतात तेव्हा हेच विचारतात, की अहो, हिला बेसिक येत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. जेनेटिक्समध्ये सिकलसेल हे पाठ्यपुस्तकातलं ठरलेलं उदाहरण असतं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्याशा चुकीने सगळं रामायण. तो तास झाला तेव्हा ही भंडाऱ्याला सलाइन लावून पडली होती. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी राउंड संपल्यावर पलंगाशी बसून औषधाच्या खोक्याच्या मागे आकृती काढून तिला ते समजावलं. पेपरात आलं. "मामा, त्या प्रश्नाचे मार्क पुरे भेटले. तो धडा मी दवाखान्यात शिकली." कोणीतरी पंधरा मिनिटं शिकवलं की काय होतं, ते बघा.

केमिस्ट्रीसाठी शेवटी गावातलीच एक मुलगी सापडली. एमएस्सी झालेली, घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. दिवाळीनंतर रोज दुपारी येते. पैसे घ्यायला तयार नव्हती, ताईने तांदळाचं पोतं पाठवलं ते मात्र ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात बाण तिकडे का जातो ते भाचीला कळलं आणि रात्री साडेदहाला मला फोन. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण वीस मिनिटं ऐकत राहिलो.

आणि गेल्या सोमवारी आम्ही दोघं कॉलेजात अर्ज घेऊन गेलो. अर्ज मीच लिहिला होता, कलम १६ चा उल्लेख करून, अगदी नम्र : आजारपणात बुडालेल्या तासांपुरतं शिकवण्याची सोय करावी, दहा तास, शक्य झाल्यास. बाबूंनी पूर्ण वाचला. पान उलटून मागे काही आहे का बघितलं. मग म्हणाले, "यात सवलत कोणती मागितली ते नाही लिहिलं."

मी म्हटलं, सवलत नाही मागितली, शिकवायला सांगितलंय.

"हो, पन कोन्त्या योजनेत टाकू?"

भाचीने माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्याकडून पेन मागून घेतलं. अर्जावर विषयाची ओळ मी रिकामी सोडली होती. तिथे तिने लिहिलं, "केमिस्ट्री". बाबू हसले, शिक्का मारून आवक क्रमांक दिला आणि शुक्रवारी या म्हणाले. शुक्रवारी प्राचार्य मीटिंगला गेले होते. आता येत्या मंगळवारी बोलावलंय. मी रजा टाकली आहे.